घाटातली उलटी सुई

1879 सालच्या नोव्हेंबरात वाईच्या परिसरातल्या कळंबी गावी आकाशातून एक दगड पडला. वजन सुमारे साडेचार किलो. अशनींच्या जागतिक यादीत तो आजही ‘कलुंबी’ या इंग्रजी वळणाच्या नावाने नोंदलेला आहे. अशनींमधली त्याची जात अगदी सर्वसाधारण. एवढ्याशा दगडाने विवर पडत नाही, कारण हवेच्या घर्षणाने त्याचा वेग वाटेतच मोडतो. त्यामुळे साताऱ्याच्या इतिहासात या घटनेला एका ओळीपलीकडे जागा मिळालेली नाही, आणि त्यात अन्यायही काही नाही.

वाईचे नाव एका फार मोठ्या अशनीशी जोडले गेले ते पुढे, वेगळ्याच वाटेने. ती वाट आकाशातून आली नाही. ती महाबळेश्वरच्या काळ्या कातळातल्या चुंबकत्वातून आली. तिची सुरुवात तर एका फसलेल्या प्रयोगातून झाली, आणि तो प्रयोग झाला होता इंग्लंडात.

पॅट्रिक ब्लॅकेट हे 1948 सालचे नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ. 1947मध्ये त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. कोणतीही जड वस्तू नुसती फिरली तरी तिच्यात चुंबकत्व निर्माण होते, आणि पृथ्वीचे चुंबकत्वही असेच आले आहे. हे तपासायला त्यांनी पंधरा किलोंहून अधिक वजनाचा शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना मिळवला आणि अत्यंत क्षीण चुंबकत्व मोजणारे यंत्र बांधले. दंडगोल पृथ्वीबरोबर फिरत होताच, पण चुंबकत्व काही सापडले नाही. 1952 साली ब्लॅकेट यांनी तसे सरळ छापून टाकले. सोने परत गेले, यंत्र मात्र उरले. जगात त्या वेळी त्याच्याइतके संवेदनशील यंत्र क्वचितच असेल, आणि त्याला काम हवे होते. दगडांमध्ये अगदी क्षीण चुंबकत्व असते हे तोवर माहीत झाले होते. ब्लॅकेट यांनी आपली माणसे दगडांकडे वळवली.

आता दगडात चुंबकत्व कसे येते, हे थोडक्यात. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान हजार-अकराशे अंश सेल्सियसच्या वर असते. त्यात लोह आणि टायटॅनियम असलेली मॅग्नेटाइटसारखी खनिजे तयार होतात. लाव्हा निवत निवत एका विशिष्ट तापमानाखाली आला की या खनिजांचे चुंबकत्व त्या घटकेच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने गोठते. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी हे तापमान 580 अंश आहे. पुढे तो दगड पुन्हा तापला नाही, तर कोट्यवधी वर्षे ती दिशा तशीच राहते. या दिशेत दोन गोष्टी वाचता येतात. सुई उत्तरेकडे वळली होती की दक्षिणेकडे, ही एक. ती आडवी होती की खाली-वर कललेली, ही दुसरी. विषुववृत्तावर सुई आडवी राहते, ध्रुवावर उभी; म्हणून कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर निवला ते कळते. पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. अशा काळात निवलेला दगड उलटा चुंबकित होतो. भूशास्त्रज्ञ बोलतानाही ‘हा थर उलटा, तो सुलटा’ असेच म्हणतात.

याच सुमाराला केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग नावाचा तरुण विद्यार्थी भारताच्या दगडांच्या मागे लागला होता. त्याचे म्हणणे साधे होते. खंडे सरकली असतील तर सर्वांत लांबचा प्रवास भारताने केला असणार, तेव्हा तिथलेच दगड तपासावेत. त्याने भारतातून दख्खनच्या बसाल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या याच काळ्या कातळाचे, नमुने मागवले. संख्याशास्त्रातले थोर नाव रोनाल्ड फिशर यांचा त्याला पाठिंबा होता. गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची याची पद्धत फिशर यांनी 1953मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुराचुंबकत्वाचे शास्त्र आजही तिच्याच आधाराने चालते. अर्व्हिंग यांचा प्रबंध मात्र केंब्रिजने नापास केला. खंडे सरकतात या गोष्टीला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. परीक्षकांच्या नशिबी अशा गोष्टी येतात.

ब्लॅकेट यांच्या गटाने मग हा विषय नेटाने हाती घेतला. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतीय खडकांच्या चुंबकत्वावरचा लेख 1956 साली आला. ब्लॅकेट यांची नेहरूंशी मैत्री होती, होमी भाभांशीही ओळख होती. त्यातून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत खडकांच्या चुंबकत्वाचे काम उभे राहिले. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे ही त्यातली दोन नावे. डॉइच यांच्यासह त्यांनी 1958-59मध्ये दख्खनच्या लाव्हांवर लेख लिहिले. अणुऊर्जेच्या झगमगाटात हे काम झाकले गेले. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात महाराष्ट्राच्या मातीवर झालेल्या मूलभूत संशोधनात त्याचा क्रमांक फार वरचा आहे, आणि मराठीत त्याच्यावर जवळजवळ काही लिहिले गेलेले नाही.

या संशोधकांना जे दिसले ते चक्रावणारे होते. सह्याद्रीच्या खालच्या थरांमध्ये सुई आग्नेयेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला वळलेली आणि खाली कललेली. वरच्या थरांमध्ये ती वायव्येकडे, उत्तरेच्या बाजूला वळलेली आणि वर कललेली. आज साताऱ्यात मोकळी टांगलेली सुई उत्तरेकडे वळते आणि तिचे उत्तर टोक खाली झुकते. ते टोक वर उचलले जाते ते दक्षिण गोलार्धात. अर्थ स्पष्ट होता. हा कातळ निवला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 30 अंशांवर होता. तिथून आजच्या जागी यायला पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, म्हणजे वर्षाला सरासरी सात-आठ सेंटीमीटर. खंडे सरकल्याचा हा पुरावा समुद्रतळ पसरत असल्याच्या प्रसिद्ध पुराव्याच्या आधीचा. तो खंडाळ्यासारख्या घाटांमधून निघाला.

उलट्या-सुलट्याची सीमा कुठे, यावर टाटा संस्थेच्या मंडळींनी एक सोपा ठोकताळा बसवला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांच्या खाली दगड उलटा, वर सुलटा. ठोकताळा आकर्षक होता, पण सगळीकडे टिकला नाही. सह्याद्रीचे थर डोळ्यांना सपाट दिसतात, पण ते अगदी हलक्या उताराने दक्षिणेकडे झुकलेले आहेत. त्यामुळे सीमाही एका उंचीवर राहत नाही. 1971 साली वेन्सिंक आणि क्लोटवाइक या डच संशोधकांनी पुण्याभोवतालचे घाट तपासले. पुढच्या वर्षी मासारू कोनो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांचे काम आले. महाबळेश्वरच्या कड्यात पायथ्यापासून वर पाहिले तर जवळजवळ सगळा डोंगर उलटा, आणि माथ्याकडच्या प्रवाहांत सुई सुलट होते, असे चित्र हळूहळू पक्के झाले.

हे नमुने घ्यायचे काम दिसते तितके सोपे नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या ड्रिलला हिऱ्याचे पाते लावून, पाणी सोडत सोडत, कातळातून इंचभर जाडीची दगडी कांडी काढायची. काढण्याआधी तिची दिशा टिपून ठेवायची. पण होकायंत्र इथे भरवशाचे नसते, कारण कातळ स्वतःच चुंबकित असल्यामुळे सुई ढळते. म्हणून सावलीवरून दिशा सांगणारे सूर्य-होकायंत्र वापरतात, आणि महाबळेश्वरच्या धुक्यात त्याचाही उपयोग नसतो. माथ्यावरचा उघडा कातळ तर नकोच. तिथे वीज पडते, आणि विजेच्या प्रवाहाने दगडातली जुनी नोंद पुसून नवीच बसते. सर्वांत उत्तम म्हणजे घाटरस्त्यासाठी फोडलेली ताजी भिंत. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी घाटाचा वळणावळणाचा रस्ता म्हणून जगभरच्या संशोधकांना प्रिय आहे. त्या भिंतीत कुठे इंचभराची गोल भोके दिसली, तर ती बहुधा यांचीच.

आता गोष्ट इटलीत जाते. तिथेही चुंबकत्वच आहे. गुबिओ गावाजवळच्या घळीत चुनखडीचे थर आहेत. 1970च्या दशकात वॉल्टर अल्व्हारेझ तिथे गेले ते डायनोसॉरसाठी नव्हे, तर त्या थरांतली ध्रुवांची अदलाबदल नोंदवायला. सोबत विल्यम लाउरी होते. क्रिटेशस काळ संपतो तिथे त्यांना सेंटिमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर दिसला. त्याच्या खाली आणि वर उलट्या चुंबकत्वाचा खडक होता. म्हणजे डायनोसॉरांचा शेवट झाला तेव्हा पृथ्वीची सुई उलटी होती. त्या मातीत इरिडियम नेहमीपेक्षा तीसपट निघाले. पृथ्वीच्या पृष्ठभागावर इरिडियम दुर्मीळ, अशनींत भरपूर. वॉल्टर, त्यांचे वडील लुईस, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांचा लेख 1980मध्ये आला आणि जगभर गदारोळ उडाला.

त्या अशनीचे विवरही चुंबकत्वानेच दाखवले. 1978मध्ये ग्लेन पेनफिल्ड हा भूभौतिकतज्ज्ञ मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी विमानातून चुंबकीय मोजणी करत होता. युकातानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली त्याला मोठे कमानदार आकार दिसले. त्याने आणि अँतोनिओ कामार्गो यांनी 1981 साली हे सांगितले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. चिक्शुलुब हे सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे विवर त्या अशनीचेच, हे 1991मध्ये मान्य होऊ लागले.

दरम्यान दुसरा पक्ष दख्खनकडे बोट दाखवत होता. इतका लाव्हा, इतका गंधकाचा धूर आणि इतका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्यावर जीवसृष्टी मरायला अशनी कशाला हवा? अडचण एकच होती. दख्खनचे थर किती काळात साठले ते नक्की नव्हते. अंदाजांत कोट्यवधी वर्षांचा फरक. कोट्यवधी वर्षांत हळूहळू बाहेर आलेला लाव्हा कोणाला मारणार? इथे फ्रान्सचे व्हिन्सेंट कोर्तियो पुढे आले. 1986मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी युक्तिवाद केला तो घाटातल्या त्याच सुईच्या बळावर. ध्रुवांची अदलाबदल त्या काळात वारंवार होत असे. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षे वाहत असता, तर घाटात उलट्या-सुलट्याचे कितीतरी पट्टे दिसले असते. दिसतो तो मुख्यतः एकच जाड उलटा पट्टा. म्हणजे बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. हा उलटा पट्टा तोच, ज्यात गुबिओची ती माती सापडली होती. शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचे नाव ‘29 आर’.

एवढ्या एका निष्कर्षाने साताऱ्याचे डोंगर जागतिक वादाच्या मधोमध आले. बसाल्टचे थर एकमेकांसारखेच काळे, त्यांना ओळखायचे कसे, हा प्रश्न रसायनाने सोडवला. ख्रिस हॉक्सवर्थ आणि ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स यांनी 1985मध्ये महाबळेश्वरच्या कड्यातल्या थरांना रासायनिक घडणीवरून वेगळे केले. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि अमेरिकेचे पीटर हूपर यांनी 1988मध्ये सह्याद्रीचा नकाशाच काढला. खालून वर कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपगट ठरले. वाई उपगटात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा असे थर आले. कळंबीचा दगड ज्या तालुक्यात पडला, त्या तालुक्याच्या गावाचे नाव दख्खनच्या सर्वांत मोठ्या उपगटाला मिळाले.

2015 साली मार्क रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादाला वेगळेच वळण दिले. अशनी की ज्वालामुखी, असा प्रश्नच कशाला? चिक्शुलुबच्या आघाताने सगळ्या पृथ्वीला जो हादरा बसला, त्यानेच आधीपासून धुमसणाऱ्या दख्खनची तोंडे मोकळी केली, आणि दख्खनचा सुमारे 70 टक्के लाव्हा, म्हणजे वाई उपगट, त्यानंतर बाहेर आला, असे त्यांचे म्हणणे. भारत तेव्हा चिक्शुलुबच्या नेमक्या विरुद्ध टोकाला नव्हता, हेही त्यांनी मान्य केले. कोयनाकाठच्या माणसाला या कल्पनेत अशक्य असे काही वाटणार नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेत 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणाच्या पाण्याने जमिनीतला ताण मोकळा केला, यावर आज शास्त्रज्ञांचे बरेचसे एकमत आहे. आधीच ताणलेल्या जमिनीला थोडे निमित्त पुरते. पण शक्य असणे वेगळे आणि घडलेले असणे वेगळे.

घडले की नाही हे ठरवायला काळ मोजायला हवा होता, तोही हजारो वर्षांच्या अचूकतेने. फेब्रुवारी 2019मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन उत्तरे छापली गेली. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने दोन काळ्या थरांमध्ये दिसणाऱ्या तांबड्या मातीतून झिरकॉनचे बारीक कण निवडले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशावरून वय काढले. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला, आणि त्यातली दुसरी उसळी अशनीच्या काही दहा हजार वर्षे आधीची. कॉर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्हातल्याच खनिजांचे वय आर्गॉन पद्धतीने काढले. त्यांच्या मते लाव्हा बराच सलग वाहिला आणि सुमारे 75 टक्के अशनीनंतर. एकाच आंबेनळीच्या भिंतीतून दोन गट गेले आणि दोन कहाण्या घेऊन आले. दोन्ही घड्याळे पडताळायला एक खुंटी मात्र समान आहे. ती म्हणजे महाबळेश्वर थरात सुई उलटीची सुलटी होते ती जागा. ही अदलाबदल साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी घडली, म्हणून घाटातला दगड इटलीतल्या दगडाशी जुळवता येतो. 2020मध्ये समुद्रतळाच्या पुराव्यावरून आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने डायनोसॉरांच्या शेवटाचा मुख्य दोष अशनीवरच ठेवला. मला तो निवाडा पटतो. दख्खनने जग आधी आजारी केले होते की नंतर सावरू दिले नाही, यावरची भांडणे मात्र चालू राहतील.

या कथेत सांगली जिल्ह्याचा वाटा ओळखायला थोडे खाली उतरावे लागते. थर दक्षिणेकडे झुकलेले, म्हणून महाबळेश्वरला जे माथ्यावर आहे ते सांगली-कोल्हापूरकडे कमी उंचीवर येते. वरच्या थरांतला काही लाव्हा तर पूर्वेकडे उतरत उतरत थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे हजार किलोमीटर गेला, असे मानतात. तिथेही खालचा प्रवाह उलटा आणि वरचा सुलटा निघतो, आणि रसायनही आंबेनळी व महाबळेश्वर थरांशी जुळते. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हा प्रवाहांत त्यांची गणना होते. वारणेच्या धरणाभोवती 1993पासून भूकंपांची हालचाल वाढली. मग कोयना-वारणा पट्ट्यात खोल विंधनविवरे घेण्याचा निर्णय झाला. कोयनानगरजवळ रासाटी इथे दीड किलोमीटर खोल गेलेल्या विवरात 933 मीटरवर काळा कातळ संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला. 2017मध्ये गोठणे इथले विवर तीन किलोमीटर खोल गेले. तिथे कातळाचा तळ साडेबाराशे मीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरचा माथा समुद्रसपाटीपासून 1400 मीटरच्या वर आणि हा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे 300 मीटर खाली. एवढी जाडी, आणि तिचा बहुतेक भाग एका उलट्या पट्ट्यातला. या विवरांतून निघालेल्या दगडी कांड्या कऱ्हाडच्या विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जपून ठेवल्या आहेत.

महाराष्ट्रात विवर म्हटले की लोक लोणारचे नाव घेतात, आणि तेही या गोष्टीबाहेरचे नाही. 1.88 किलोमीटर व्यासाचे लोणार याच काळ्या कातळात पडलेले आहे. ते ज्वालामुखीचे मुख नाही, हे 1970च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने तळात घेतलेल्या विंधनविवरांवरून पक्के झाले. आघाताच्या दाबाने काच झालेले स्फटिक त्यांत सापडले. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे येते. म्हणजे डायनोसॉरांशी त्याचा काही संबंध नाही. लोणारचे खरे मोल चुंबकत्वाच्या अभ्यासकांना वेगळेच आहे. आघाताचा प्रचंड दाब बसला की दगडातली जुनी चुंबकीय नोंद काही अंशी पुसली जाते. मंगळावरच्या हेलास आणि आर्गायर या महाकाय विवरांमध्ये कवचाचे चुंबकत्व जवळजवळ नाहीच, ते का, हे समजून घ्यायला बसाल्टमधले असे ताजे विवर पृथ्वीवर फार क्वचित मिळते. आघात झाला तिथे नोंद पुसली गेली. आंबेनळीत ती सहा कोटी साठ लाख वर्षे राहिली, कारण तिथे काही आदळले नाही.

सप्टेंबर 2025मध्ये ‘पाचगणी आणि महाबळेश्वर येथील डेक्कन ट्रॅप’ हे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले. अंतिम प्रस्तावात टेबललँडची आणि दऱ्यांची छायाचित्रे असतीलच. त्यात आंबेनळीच्या रस्त्याची ती भिंतही असावी. घाट रुंद करताना आणि दरडींवर काँक्रीट ओतताना सार्वजनिक बांधकाम खात्याने भूशास्त्रज्ञांना आधी विचारावे, आणि सुई उलटते त्या थराचा काही मीटर तुकडा उघडा ठेवून त्याच्याजवळ मराठीत एक फलक लावावा.